आधी घाव पाण्यावर

किरणोत्सर्गाविषयीचा एक हिशेब असा आहे, की तो प्रथम ऐकताना खरा वाटत नाही. माणसाच्या सर्वांगावर एकाच वेळी सुमारे चार ग्रे गॅमा किरणांचा मारा झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर त्याच्या जगण्याची शक्यता जेमतेम निम्मी उरते. ग्रे हे शोषलेल्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक. एका किलो वजनात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, म्हणजे एक ग्रे. सत्तर किलोच्या माणसात ही ऊर्जा भरते फक्त २८० ज्यूल. एक चमचा गरम चहा घेतला तरी तेवढी उष्णता शरीराला सहज मिळते. या माऱ्याने अंगाचे तापमान वाढते तेही एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेच. मग एवढीशी ऊर्जा एवढा मोठा घात करते तरी कशी?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला साठ-पासष्ट वर्षे लागली. ते उत्तर दडले होते आपल्या ओळखीच्या पाण्यात.

१८९८ मध्ये पॅरिसला मारी आणि पियरे क्युरी यांनी रेडियम शोधले. त्यानंतर चार-पाच वर्षांतच जर्मनीतील रसायनतज्ज्ञ फ्रीड्रिख गीझेल यांना एक विचित्र गोष्ट दिसली. रेडियमचा क्षार पाण्यात विरघळवून ठेवला, की त्या द्रावणातून सारखे बुडबुडे निघत. खाली जाळ नाही, विजेची तार सोडलेली नाही. तरी वायू येतच राहतो. तपासले तर तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन होता. म्हणजे रेडियमचे किरण बसल्या जागी पाणी फोडत होते. क्युरींचे सहकारी आंद्रे डेबिएर्न यांनी १९१४ मध्ये तर्क मांडला, की पाण्याचा रेणू फुटून त्याचे दोन अर्धवट तुकडे होत असावेत: एक हायड्रोजनचा अणू आणि दुसरा ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल. जोडीदार तुटलेल्या अशा तुकड्यांना ‘मुक्त मूलक’ म्हणतात. समोर येईल त्याच्याशी ते झोंबतात. हा तर्क काळाच्या बराच पुढचा होता, त्यामुळे तो अनेक वर्षे तसाच पडून राहिला.

पुढचे पाऊल पडले ते डॉक्टरांच्या अडचणीतून. १९२०च्या सुमारास क्ष-किरणांनी कर्करोगावर उपचार सुरू झाले होते. पण मात्रा मोजायची कशी, हे धड ठरलेले नव्हते. रुग्णाची कातडी लाल झाली की मात्रा पुरी झाली, असा ढोबळ हिशेब चाले. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील रुग्णालयात काम करणारे मूळचे डॅनिश शास्त्रज्ञ ह्यूगो फ्रिके यांनी त्यावर तोडगा काढला. १९२७ मध्ये त्यांनी आणि मोर्स यांनी हिराकशीचे द्रावण वापरायची पद्धत मांडली. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. जुन्या काळी शाई बनवायला लागे तीच. गंधकाम्लाच्या सौम्य पाण्यात ती विरघळवून किरणांपुढे ठेवली, की तिच्यातले फेरस लोह फेरिक होते. किती झाले ते मोजले, की मात्रा कळते. ‘फ्रिके मात्रामापक’ आजही जगभर प्रमाण मानला जातो.

पण फ्रिके यांना त्या द्रावणात याहून मोठी गोष्ट सापडली. हिराकस थोडी कमी घातली किंवा थोडी जास्त घातली, तरी तेवढ्याच किरणांनी तेवढेच लोह बदलत होते. किरण थेट लोहावर आदळत असते, तर दुप्पट लोहाला दुप्पट मार बसायला हवा होता. तसे होत नव्हते. नेहमीच्या द्रावणात लोहाच्या एका कणामागे पाण्याचे पन्नास हजारांहून अधिक रेणू असतात, हे लक्षात घेतले की कोडे सुटते. गर्दीत दगड भिरकावला, तर तो त्या गर्दीतल्या एकुलत्या ओळखीच्या माणसालाच नेमका लागणार नाही. किरण पाण्याला लागतात, पाणी फुटते आणि त्याचे तुकडे पुढे जाऊन लोहाला बदलतात. द्रावणात किरण जे काही घडवतात, ते बहुतांशी पाण्याच्या हातून घडवतात. या शास्त्राचा हा पाया ठरला.

दुसऱ्या महायुद्धात अणुभट्ट्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरला नाही. भट्टी थंड ठेवणारे पाणीच किरणांनी फुटून त्याचा स्फोटक वायू झाला तर? अणुबाँब प्रकल्पातील ए. ओ. अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. गंमत अशी, की पाणी अगदी शुद्ध असेल तर फुटलेले तुकडे बहुतेक पुन्हा जुळून पाणीच होते. त्यात भेसळ असली, की ती भेसळ मधले काही तुकडे पळवते, जुळवाजुळव मोडते आणि वायू साठत जातो.

हे ज्ञान लवकरच आपल्याकडेही लागले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईत तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही आशियातली पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली. तिचा गाभा पाण्याच्या हौदातच बुडवलेला होता. पुढे १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ आली. या दोन्हींत जड पाणी वापरले जाई. जड पाणी अतिशय महाग, म्हणून किरणांनी त्याचा वायू झाला तर तो वाया न घालवता पुन्हा जुळवून पाणी करावे लागते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या वीजकेंद्रात भट्टीतच पाणी उकळते, तेव्हा वाफेबरोबर येणाऱ्या हायड्रोजन-ऑक्सिजनचा बंदोबस्त हा रोजच्या कामाचा भाग होता. गीझेल यांनी पाहिलेले बुडबुडेच हे. फक्त काचेच्या कुपीतून कारखान्यात आलेले.

१९६२ मध्ये अमेरिकेतील एडविन हार्ट आणि इंग्लंडमधील जॅक बोग यांनी पाण्यावर इलेक्ट्रॉनांचा क्षणमात्र झोत सोडला आणि त्याच क्षणी त्यातून आरपार गेलेल्या प्रकाशाची नोंद घेतली. पाण्याने तांबडा प्रकाश गिळलेला दिसला. म्हणजे ते पाणी निमिषभर निळे झाले होते. किरणांनी रेणूतून उडवलेला इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूंनी चहूबाजूंनी वेढून धरला होता. पाण्याच्या फुटण्यातला हा तिसरा आणि सर्वांत चपळ गडी त्या दिवशी सापडला.

आता तुर्भ्याच्याच एका कामाकडे वळू. देशातल्या मोठ्या रुग्णालयांत कोबाल्टची यंत्रे आली, तेव्हा रुग्णाला मिळणारी मात्रा बरोबर आहे ना, हे पडताळणे आवश्यक होते. रुग्णाला एका वेळी साधारण दोन ग्रे देतात. फ्रिके यांच्या द्रावणात एवढ्याशा मात्रेने होणारा बदल नीट मोजता येत नाही. त्याला विसाच्या पुढची मात्रा लागते. भाभा अणुसंशोधन केंद्रातील बी. एल. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात त्याच हिराकशीत दोन पदार्थांची जोड दिली. एक बेंझोइक आम्ल, दुसरा झायलेनॉल ऑरेंज हा रंग. बेंझोइक आम्लामुळे पाण्याच्या एकेका तुकड्यामागे लोहाचे अनेक कण बदलतात, म्हणजे बदलाचा गुणाकार होतो. झायलेनॉल ऑरेंज त्या फेरिक लोहाला धरून गडद जांभळट रंग देतो आणि गुणाकार हाताबाहेर जाऊ देत नाही. हा रंग साध्या रंगमापकावरही मोजता येतो. तीन पदार्थांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एफबीएक्स’ नाव मिळालेली ही पद्धत ग्रेच्या दहाव्या भागाइतकी लहान मात्राही दाखवते. महागड्या उपकरणांशिवाय, एका कुपीतल्या रंगावरून उपचाराची खातरजमा करता यावी, हे त्या काळच्या आपल्या रुग्णालयांच्या दृष्टीने लहान काम नव्हते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. मराठवाड्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या किती घरांना तिथली वाट ठाऊक आहे, हे सांगायला नको. तिथे किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या गाठीतही हेच घडते. पेशीत बहुतांश पाणीच असते. गॅमा किंवा क्ष-किरणांनी पेशीतल्या डीएनएला जी इजा होते, तिच्यातली साधारण दोन तृतीयांश हायड्रॉक्सिल मूलकामुळे होते. हा मूलक पेशीत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता जगतो आणि तेवढ्यात घाव घालून जातो. जवळ ऑक्सिजन असला तर तो घाव पक्का होतो. ज्यांच्या नावावरून ‘ग्रे’ हे एकक आले, त्या एल. एच. ग्रे यांनी १९५३ मध्ये ऑक्सिजनचा हा वाटा दाखवून दिला. गाठीच्या आतल्या, ऑक्सिजन कमी पोहोचणाऱ्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. किरणांची ऊर्जा उष्णतेसारखी सगळीकडे सारखी पसरत नाही. ती मोजक्या जागी रेणू तोडते, आणि पेशीच्या मूळ आराखड्यालाच हात घालते.

संभाजीनगरहून मुंबईकडे निघालेली गाडी मनमाड सोडते, की पुढे लासलगाव लागते. तिथल्या ‘कृषक’ केंद्रात २००२-०३ पासून कोबाल्टच्या किरणांची सोय आहे. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतानाच त्याला ६० ते ९० ग्रे मात्रा दिली, तर कोंब फुटत नाही. कांद्यात पाणी भरपूर आणि कोंबाची पेशी नाजूक. म्हणून एवढ्यावर भागते. अर्थात सड थांबवणे किरणांच्या हाती नाही. त्यासाठी चांगली साठवणच हवी. याच केंद्रातून २००७ मध्ये आपला आंबा अमेरिकेला गेला; त्याला किमान ४०० ग्रे लागतात. उलट वाशीच्या केंद्रात २००० पासून मसाल्यांवर किरण सोडतात, तिथे हजारो ग्रे लागतात. तिथे काम जंतू मारायचे, जंतू चिवट, आणि कोरड्या मिरची-हळदीत किरणांना मदत करायला पाणीही फारसे नाही. असा कांदा किंवा आंबा किरणोत्सर्गी होतो का, असे लोक विचारतात. होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत अणूचे केंद्र बदलण्याइतका जोर नसतो. ते रेणू तोडतात, तेवढेच.

तुर्भ्यातल्याच आणखी एका कामात तर हे तुटणे जोडण्यासाठी वापरले आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यातल्या द्रावणावर गॅमा किरण सोडले, की पाण्याचे तुकडे त्या लांब साखळ्यांतला हायड्रोजन काढून घेतात आणि मोकळ्या झालेल्या जागी साखळ्या एकमेकींत गुंततात. पातळ द्रावणाची पारदर्शक, ओलसर चकती तयार होते, आणि त्याच माऱ्यात ती निर्जंतुकही होते. भाजलेल्या जखमेवर ती पट्टी म्हणून ठेवतात. जखमेला ती चिकटत नाही, त्यामुळे बदलताना रुग्णाच्या तोंडून कळ निघत नाही.

किरणोत्सर्गाचे नाव काढले, की आपल्याला हिरोशिमा आठवते, चेर्नोबिल आठवते. ती भीती खोटी नाही. चार ग्रेचा हिशेब आपण पाहिलाच. पण त्याच किरणांचे दोन ग्रे नेमक्या जागी, नेमक्या दिवसांच्या अंतराने देऊन माणूस वाचवता येतो, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींमधले अंतर ज्यांनी मोजून दिले, ते हिराकशीच्या कुपीत रंग कसा बदलतो हे वर्षानुवर्षे पाहत बसलेले लोक होते. किरणोपचाराला जाणाऱ्या आपल्या माणसाला धीर देताना एवढे जरूर सांगावे, की त्याला मिळणारी मात्रा अंदाजाने नव्हे, मोजून दिलेली असते.