पाऊल, पादत्राण आणि शस्त्र : 'हॅमर टो' या विकृतीच्या उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासलेखनात प्लेग, देवी, पटकी अशा साथींना जे स्थान मिळाले, ते पावलाच्या दुखण्यांना कधीच मिळाले नाही. ज्या व्याधीने माणूस दगावत नाही, केवळ त्याचे चालणे जिकिरीचे होते, तिची नोंद दरबारी कागदपत्रांत किंवा जनगणनेत सापडत नाही. 'हॅमर टो' ही अशीच एक विकृती होय. पायाच्या अंगठ्याशेजारचे बोट बहुधा तिला बळी पडते. बोट मधल्या सांध्यात वाकते, तेथील पेर वर उचलले जाते आणि टोक जमिनीकडे झुकते. पियानोच्या तारेवर आघात करणाऱ्या हातोडीसारखा आकार दिसतो म्हणून हे नाव पडले. उचललेल्या पेरावर पादत्राण घासून कुरूप होते, तर टोकाखाली घट्टा पडतो. प्रारंभी असे बोट हाताने सरळ करता येते. पुढे कंडरा आखूड होऊन सांधा आखडला की ते सरळ होत नाही. उपचारांची विभागणीही स्थूलमानाने याच अवस्थाभेदावर उभी आहे. लवचीक बोटासाठी रुंद पादत्राण, गादी, पट्टी, व्यायाम असे सौम्य उपाय. आखडलेल्या बोटासाठी शस्त्रक्रिया.

दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असणे, संधिवात, मज्जातंतूंचे विकार अशी या विकृतीची कारणे अनेक आहेत. तथापि अयोग्य पादत्राण हे त्यांपैकी एक प्रमुख कारण अठराव्या शतकापासून अभ्यासकांना ज्ञात होते. असे असूनही युरोप-अमेरिकेत उपचारांचा विकास प्रामुख्याने बोटाच्या अंगाने झाला. जोड्याच्या अंगाने फारसा झाला नाही. पादत्राणालाच उपचाराचे स्थान देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न दक्षिण भारतात, कुष्ठरुग्णांच्या संदर्भात घडला. असे का झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

टोकदार जोड्याची किंमत

केंब्रिज परिसरातील दफनभूमींतून मिळालेल्या १७७ मध्ययुगीन सांगाड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य निरीक्षण अंगठ्याविषयीचे आहे. अंगठा शेजारच्या बोटांकडे कलण्याच्या विकृतीला 'हॅलक्स व्हॅल्गस' म्हणतात. कललेला अंगठा शेजारच्या बोटाची जागा बळकावतो आणि ते बोट वर उचलले जाते. म्हणून या दोन विकृती पुष्कळदा एकाच पावलात आढळतात. अकरावे ते तेरावे शतक या काळातील सांगाड्यांत अंगठ्याची ही विकृती ६ टक्के, तर चौदाव्या-पंधराव्या शतकांतील सांगाड्यांत २७ टक्के आढळली. याच दरम्यान इंग्लंडमध्ये लांब निमुळत्या टोकाचे, 'पूलेन' नावाचे जोडे प्रचारात आले होते. स्थळानुसार दिसणारा फरक अधिक बोलका आहे. ग्रामीण दफनभूमीत ३ टक्के, नगरातील सामान्यांच्या दफनभूमीत १० टक्के, इस्पितळाच्या आवारात २३ टक्के आणि ऑगस्टिनियन मठात ४३ टक्के! मठात धर्मसेवकांबरोबर धनिक आश्रयदात्यांचेही दफन होत असे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. व्याधी दारिद्र्याच्या मागोमाग जाते, असे आपण सहसा गृहीत धरतो. येथे ती प्रतिष्ठेच्या मागोमाग गेलेली दिसते.

राजसत्तेने या जोड्यांवर निर्बंध घातले, तेही आरोग्याच्या काळजीने नव्हे. इंग्लंडमधील १४६३ च्या कायद्याने सरदारांहून खालच्या दर्जाच्या लोकांना दोन इंचांहून लांब टोकाचे जोडे वापरण्यास मनाई केली. कायद्याला चिंता होती ती दर्जाच्या खुणा पुसल्या जाण्याची.

शरीररचनाशास्त्रज्ञांचा इशारा

डच शरीररचनाशास्त्रज्ञ पेट्रुस कँपर (१७२२–१७८९) यांनी १७८१ मध्ये जोड्याच्या उत्तम आकारावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. उंच टाचा आणि पावलाच्या ठेवणीशी न जुळणारे जोडे बालपणापासूनच पाऊल बिघडवतात, ही त्यांची भूमिका होती. त्या काळी डाव्या-उजव्या पायांचे जोडे बहुधा एकाच सरळ फर्म्यावर बेतले जात, ही गोष्ट विचारात घेतली म्हणजे या प्रबंधाचे महत्त्व कळते. झ्यूरिखचे शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मेयर यांनी १८५८ मध्ये हाच विचार भूमितीच्या साहाय्याने मांडला. निरोगी पावलात अंगठ्याची मध्यरेषा मागे वाढवली तर ती टाचेच्या मध्यातून जाते. जोड्याचा फर्माही त्याच रेषेवर बेतला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या ज्ञानाचा प्रवास कोणाच्या हातून झाला, हेही पाहण्यासारखे आहे. कँपर यांच्या प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये लोकांपुढे आणणारे जेम्स डाउवी हे लंडनमधील जोडे बनविणारे कारागीर होते. जोडे शिवणारा जेव्हा शरीररचनाशास्त्र वाचू लागतो, तेव्हा व्यवसायाच्या इतिहासाला वेगळे वळण मिळण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात ते वळण लष्करापुरतेच राहिले. अमेरिकी लष्करी डॉक्टर एडवर्ड मन्सन यांच्या अभ्यासावरून बेतलेला, चवड्याला पुरेशी जागा देणारा फर्मा १९१२ मध्ये त्या लष्कराने स्वीकारला. सैनिकाला चालावेच लागते. तेथे ऐट परवडत नाही. नागरी बाजारपेठेत मात्र निमुळते जोडे टिकून राहिले.

शस्त्राचा मार्ग

जोडा बदलत नाही म्हटल्यावर बोट बदलणे क्रमप्राप्त झाले. एकोणिसाव्या शतकात बोट सरळ कापून टाकण्याचा उपायही रूढ होता. त्यात वेदना थांबत. परंतु दुसरे बोट गेले की रिकाम्या जागेकडे अंगठा कलू लागे आणि एका विकृतीच्या जागी दुसरी उभी राही. त्यापेक्षा सौम्य मार्ग कंडरा छेदण्याचा होता. जर्मन शल्यचिकित्सक श्ट्रोमायर यांनी १८३१ मध्ये वाकड्या पावलासाठी टाचेची कंडरा त्वचेखालून, अगदी लहान छेदातून कापली. पुढे हीच रीत बोटांच्या कंडरांनाही लावण्यात आली.

बोस्टनमधील १८४६ चा ईथरचा प्रयोग आणि लिस्टर यांची १८६७ ची जंतुनाशक पद्धत यांमुळे सांध्यापर्यंत पोहोचणे शक्य झाले. १८८२ मध्ये न्यूयॉर्कचे पोस्ट यांनी सांध्याचा भाग काढून बोट सरळ करण्याची शस्त्रक्रिया नोंदवली. १९१० मध्ये सूल यांनी सांधा सरळ स्थितीत कायमचा जखडण्याची पद्धत मांडली. किर्शनर यांनी १९०९ मध्ये प्रचारात आणलेली बारीक तार पुढे या जखडलेल्या बोटाला आधार देण्यासाठी वापरली जाऊ लागली. १९५१ मध्ये टेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत बोट वाकवणारी कंडराच वरच्या बाजूस वळवून तिला बोट सरळ ठेवण्याचे काम दिले होते. या पद्धतीचे श्रेय ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांना दिले जाते. तंत्र म्हणून हा प्रवास निश्चितच वाखाणण्याजोगा आहे. मात्र सरळ केलेले बोट पुन्हा त्याच अरुंद जोड्यात जाणार असेल तर काय, हा कँपर यांनी उभा केलेला प्रश्न त्यात सुटलेला नाही.

अनवाणी समाज

अनवाणी समाजांचे दाखले याच संदर्भात दिले जातात. अमेरिकेतील हॉफमन यांनी १९०५ मध्ये अनवाणी चालणाऱ्यांची पावले तपासून त्यांत जोड्यांमुळे येणाऱ्या विकृती आढळत नसल्याचे नोंदवले. हाँगकाँगमध्ये लाम सिम-फूक व हॉजसन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जोडे वापरणाऱ्या ११८ जणांपैकी ३३ टक्के लोकांत, तर न वापरणाऱ्या १०७ पैकी अवघ्या १.९ टक्के लोकांत अंगठा कललेला होता.

या आकड्यांवरून अनवाणीपणाचा गौरव करणे मात्र योग्य ठरणार नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'कदर' म्हणजे कुरुपाचे वर्णन आहे. त्याची कारणे खडे व काटे टोचणे अशी दिली असून कुरूप काढून ती जागा तप्त स्नेहाने डागण्याचा उपाय सांगितला आहे. चरकसंहितेत पादत्राणधारण हा पावलांची पीडा टाळणारा आचार मानला आहे. शिवाय अनवाणी असणे हा सर्वांनी निवडलेला मार्ग नव्हता. सवर्णांच्या वस्तीतून जाताना पायातील वहाणा हातात घ्याव्या लागत, हा अनुभव महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांतील दलितांच्या कित्येक पिढ्यांनी सोसला आहे. कातडे कमावणारा आणि वहाणा शिवणारा समाजही त्यात होता. केंब्रिजमधील टोकदार जोडा आणि येथील अनवाणी पाऊल ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. पादत्राण कोणी, कोणते आणि कोठे घालावे हे समाज ठरवीत असे.

वेल्लोर : पादत्राण हेच औषध

पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांचा जन्म तामिळनाडूतील कोल्ली डोंगरातला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले आणि पुढील वर्षी चिंगलपेट येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमाला त्यांनी भेट दिली. कुष्ठरोगात घोट्याजवळील मज्जातंतू निकामी झाला की तळव्याची संवेदना जाते आणि पावलातील लहान स्नायू लुळे पडतात. बोटे नखरासारखी आत वळतात. विकृतीचे हे रूप हॅमर टोचे जवळचे नातेवाईकच आहे. फरक इतकाच की येथे वेदना नसते, आणि तोच खरा धोका असतो. रुग्ण जखमेवर तसाच चालत राहतो.

कुष्ठरुग्णाचे मांसच सडके असते, म्हणून त्याच्या जखमा भरत नाहीत, ही समजूत त्या काळी डॉक्टरांतही प्रचलित होती. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खोडून काढली. प्लॅस्टरमध्ये ठेवलेल्या पावलाची जखम इतरांच्या जखमेसारखीच भरून येते आणि चालू लागताच पुन्हा चिघळते, असे दिसून आले. दोष मांसाचा नसून एकाच जागी वारंवार पडणाऱ्या दाबाचा होता. वळलेली बोटे सरळ करण्यासाठी वेल्लोरमध्ये कंडरा-स्थानांतराच्या शस्त्रक्रिया झाल्या. परंतु त्यांच्या जोडीला चर्मकाराचे काम अपरिहार्य ठरले. सूक्ष्मछिद्री रबराचा मऊ तळ असलेल्या, दाब सर्वत्र वाटून देणाऱ्या चपला तयार करण्यात आल्या. वेल्लोरजवळ करिगिरी येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या संस्थेतही हे कार्य पुढे चालले. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले आणि दाबाविषयीचे हे ज्ञान तेथून मधुमेहींच्या पावलांच्या उपचारांत पोहोचले. ज्ञानाचा प्रवाह नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच वाहतो असे मानणाऱ्या इतिहासकारांनी ही नोंद अवश्य घ्यावी.

तथापि येथेही पादत्राणाने आपला सामाजिक स्वभाव सोडला नाही. वेगळ्या घडणीची चप्पल पायात दिसली की पाहणाऱ्याला रोग कळे. त्यामुळे अनेक रुग्ण ती घालण्याचे टाळत आणि जखमा पुन्हा उद्भवत. मठातल्या श्रीमंताने प्रतिष्ठेसाठी वाईट जोडा घातला. कुष्ठरुग्णाने बहिष्काराच्या भीतीने चांगली चप्पल काढून ठेवली.

मधुमेहाचे नवे संकट

२००५ च्या अखेरीस भारतात राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारी एकाहून खाली आले. तोपर्यंत मधुमेहामुळे संवेदना गमावलेल्या पावलांचा प्रश्न मोठा झाला होता. अशा पावलातील वाकड्या बोटाच्या टोकावर जखम होणे ही पाऊल किंवा पाय गमावण्याची पहिली पायरी ठरू शकते. मधुमेही पावलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०१९ व २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा बोटाची वाकवणारी कंडरा छेदण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. ही लहानशी क्रिया बाह्यरुग्ण विभागात, केवळ सुईच्या साहाय्यानेही करता येते. श्ट्रोमायर यांचा १८३१ चा लहान छेद जवळपास दोन शतकांनी अशा रीतीने परतला. त्याच सूचना रुग्णाच्या पावलाला साजेशा पादत्राणाचाही आग्रह धरतात. म्हणून छेद भरून आल्यावर रुग्णाच्या पावलाचे माप घ्यावे लागते. सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलांचे पट्टे आणि रंग नंतरच्या काळात बाजारातील चपलांशी मिळतेजुळते केले गेले, ते त्या घालून गावातून चालताना कोणी वळून पाहू नये यासाठी.