रसद, बंदर आणि पहिला पाऊस

आजही आपण पानिपतातच आहोत, काला आंबच्या स्मारकाजवळ. पण आज तलवारींबद्दल नाही, रसदेबद्दल बोलू.

ऑक्टोबर १७६०च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. भाऊसाहेबांनी छावणीभोवती खंदक खणला, तोफा मांडल्या. समोरची बाजू भक्कम होती. डिसेंबरात रसदेची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ला फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी. आघाडीकडे सगळेच बघतात. पिछाडीकडे बघायला शिकावं लागतं.

आजच्या पानिपतची पिछाडी समुद्रावर आहे. परदेशातले जुने लोकरी कपडे कांडल्यासारख्या बंदरांत उतरतात. इथे त्यांचं पुन्हा सूत होतं, ब्लँकेटं होतात. इथल्या चादरी, गालिचे कंटेनरमधून परदेशी जातात. अशा बंदराची जमीन कशी असते, ते बघायला आपल्या न्हावा-शेव्याला जाऊ.

मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८०चा. तेव्हा माल गोण्यांत, पेट्यांत यायचा आणि हमालांच्या पाठीवरून गोदामात जायचा. १९५६ साली अमेरिकेत आजच्या पद्धतीची कंटेनर वाहतूक सुरू झाली आणि सगळं बदललं. भरलेला कंटेनर पंचवीस-तीस टनांचा, त्यावर आणखी तीन-चार. खाडीचा चिखल हे ओझं पेलत नाही. म्हणून १९८९ला सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरासाठी भराव पडला, शेवा कोळीवाडा उठला आणि चिखलाच्या जागी काँक्रीट-डांबर आलं.

जगभर अशा यार्डांतली गोष्ट सारखीच आहे. ट्रक-ट्रेलरच्या टायरच्या रबरात जस्त असतं. टायर झिजला की ते जमिनीवर पडतं. ब्रेकच्या पट्ट्यांतून तांबं झडतं. गोदामांचे जस्ती पत्रे गंजतात. जुन्या रंगाच्या खपल्यांत शिसं असतं. मातीची जमीन यातलं बरंच धरून ठेवते, फरशी काहीच धरत नाही. आठ महिने साठलेली ही धूळ पहिल्या मोठ्या सरीबरोबर गटारातून खाडीत जाते. तिथेच माशांची पिल्लं वाढतात, कोळणी कालवं फोडतात. कालवं तर पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे धातू त्यांच्या अंगात साठतो. पाण्यात विरघळलेलं तांबं लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असलं, तरी सामन माशाची वास घेण्याची शक्ती मंदावते. ज्याला वास येत नाही, त्याला शत्रूही कळत नाही.

माणसाने यातले काही शत्रू ओळखले. भारतात २०००मध्ये पेट्रोलमधलं शिसं गेलं. जहाजांच्या रंगातल्या विषारी कथिल-संयुगांवर २००८पासून जागतिक बंदी आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०१०मध्ये ब्रेकमधलं तांबं कमी करण्याचे कायदे केले. टायरमधलं जस्त मात्र अजून तसंच आहे.

उपाय अवघड नाहीत. मे महिन्यात यार्ड यंत्राने झाडून धूळ उचलायची, पाण्याचा फवारा मारून गटारात ढकलायची नाही. जस्ती पत्रे रंगवायचे. पहिल्या सरींचं पाणी वेगळं अडवून, गाळ बसवून, गाळूनच सोडायचं. मोजमापही तेव्हाच घ्यायचं. ऑगस्टमधलं धुतलेलं पाणी तपासून काही कळत नाही.

तुमच्या किनाऱ्यावर नवं बंदर येणार असेल, तर जनसुनावणीत जेटीबद्दल विचाराच. पण सोबत हेही विचारा: यार्डातलं पहिल्या पावसाचं पाणी कुठे जाणार? उत्तर नकाशावर बोट ठेवून मागा.

जय हिंद.