काचबिंदू: पाण्यापासून पेशीपर्यंत

जमिनीखालून वाहत येणारें पाणी छत्रपती संभाजीनगरास नवें नाहीं. १७ व्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें नहर बांधून तें ह्या शहरांत खेळविलें. पाण्याची पुढील वाट कोंडली, कीं मागें दाब वाढतो, हें येथील जुन्या कारागिरांस ठाऊक होतें. मानवी डोळ्यांतही एक स्वच्छ द्रव सतत पाझरतो व बारीक वाटांनीं निघून जातो. त्या वाटा अडल्या, कीं दाब वाढून डोळ्यामागील ज्ञानतंतु झिजूं लागतात. हाच काचबिंदू.

१८५१ सालीं हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि जिवंत माणसाच्या ज्ञानतंतूच्या मुखाशीं पडलेली खांच वैद्यांस दिसूं लागली. १८५७ सालीं बर्लिनच्या ग्रेफेनें डोळ्यांतील रंगीत पडद्याचा तुकडा कापून दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया जाहीर केली. १९०९ सालीं मद्रासेंत एलियट ह्यानें बुबुळाच्या कडेशीं बारीक भोंक पाडून द्रवास नवी वाट दिली.

येथवरचा इतिहास पाण्याचा झाला. परंतु दाब साधारण असूनही कित्येकांची दृष्टि मावळत जाते, हें कोडें उरलेंच होतें. डोळ्याच्या पडद्यांत सुमारें १० लाख ज्ञानपेशी असतात. १९८२ सालीं अमेरिकेंत क्विगली व त्याचे सहकारी ह्यांनीं दाखविलें, कीं दृष्टिक्षेत्राच्या तपासणींत दोष उमटण्यापूर्वींच ४० टक्क्यांपर्यंत तंतु नष्ट झालेले असूं शकतात. घर अर्धें जळाल्यावर धूर दिसावा, तसाच हा प्रकार!

म्हणून संशोधक आतां पेशीच्या मरणाच्या खुणा शोधीत आहेत. मरणोन्मुख पेशीच्या आवरणांतील एक स्निग्ध द्रव्य आंतून बाहेर येतें. ॲनेक्सिन नांवाचें प्रथिन त्यास चिकटतें. तें प्रथिन चमकत्या रंगासह शिरेंत टोंचून लंडनच्या संशोधकांनीं अशा पेशी रुग्णांच्या डोळ्यांत प्रत्यक्ष पाहिल्या व तो वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध केला. तंतूचा सांगाडा मोडला, कीं न्यूरोफिलामेंट नांवाचें प्रथिन सुटून डोळ्याच्या द्रवांत येतें. काचबिंदूच्या रुग्णांत त्याचें प्रमाण अधिक आढळलें आहे. तथापि हीं साधनें अद्याप नित्याच्या तपासणींत आलेलीं नाहींत.

आपल्या घरांत मात्र एक जुना समज घोटाळा करितो. वडीलधारीं माणसें "बिंदू पिकूं दे, मग पाहूं" असें म्हणत थांबतात. मोतीबिंदूंत गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें बहुधा परत येते. काचबिंदूंत गेलेली येत नाहीं, राहिलेली तेवढी राखतां येते. त्यांत वेदनाही बहुधा नसते. १९५६ सालीं ह्या शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचें घाटी रुग्णालय साऱ्या मराठवाड्यास परिचित आहे. चाळिशी उलटतांच, आणि आईबापांस वा भावंडांस हा रोग असल्यास त्याहूनही आधीं, डोळ्यांचा दाब व ज्ञानतंतु तपासून घ्यावे. पेशीची खूण वाचणारें साधन येईल तेव्हां येवो. तोंवर तिच्या वतीनें आपणच वेळेवर वैद्याच्या दारीं गेलें पाहिजे.