वारणेची सीमा आणि शाहूवाडीचें पाणी

सातारचे शाहू महाराज व करवीरचे संभाजी महाराज यांच्यांत इ. स. १७३१ च्या एप्रिल महिन्यांत जो वारणेचा तह झाला, त्याच्या नऊ कलमांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ज्या नदीचें नांव तहास पडलें ती डोळ्यांपुढें ठेवून तो क्वचितच वाचला जातो.

वारणा प्रचितगडाच्या आसमंतांत उगम पावून आग्नेयेस वाहते व सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेस मिळते. शाहूवाडी तालुक्याची उत्तर सीमा हीच, पलीकडे शिराळा. (नांवावरून ‘वारण’ म्हणजे अडविणें, अशी व्युत्पत्ति लावण्याचा मोह होतो, तो आवरावा.) पहिल्या कलमांत वारूण महाल संगमापर्यंत करवीराकडे दिला आहे. संगमाचें नांव आहे, उगमाचें नाहीं. आणि माझ्या मतें हा लेखनदोष नसून भूगोलास धरूनच आहे. खालीं सपाटींत पात्र रुंद. एका तीरावर एकाचें ठाणें, दुसऱ्यावर दुसऱ्याचें, असा विभाग सहज करतां येतो. वर डोंगरांत दोन्ही तीरांस रान, शेती थोडी. तेथें अंमल तीरावरून चालत नाहीं, घाटावरून व गडावरून चालतो. आंबा व अणुस्कुरा या दोन घाटांच्या मध्यें विशाळगड उभा आहे.

शिवाय तालुक्याचें पाणी एकाच खोऱ्यांत जात नाहीं. आंब्याकडील कडवी मलकापुराजवळून वारणेस मिळते. गजापुराकडील कासारी पंचगंगेकडे जाते व तें पाणी नृसिंहवाडीस कृष्णेंत पडतें. केवळ वारणेवरून या मुलुखाचा उलगडा होत नाहीं तो यामुळें.

विशाळगड करवीराकडे राहिला त्याचें कारणही नदी नव्हे. परशुराम त्रिंबक प्रतिनिधींचे एक पुत्र श्रीपतराव सातारचे प्रतिनिधि झाले. दुसरे कृष्णाजी करवीरच्या पक्षास मिळून तिकडील प्रतिनिधि झाले व विशाळगड त्यांच्या घराण्याकडे आला. वारणाकांठीं संभाजी महाराजांचा तळ मोडला तो याच श्रीपतरावांनीं, आणि ताराबाईसाहेब सातारकरांच्या हातीं सांपडल्या. वारणेची रेषा अशा रीतीनें एका घरच्या दोन चुलींमधूनही गेली.

१८४४ च्या बंडानंतर इंग्रजांनीं विशाळगड पाडला व जहागिरीचें ठाणें मलकापुरास आलें. १८४८ त सातारा खालसा झाल्यावर नदीच्या एका अंगास इंग्रजी मुलूख, दुसऱ्या अंगास करवीर. १९४९ त करवीर मुंबई इलाख्यांत विलीन झालें तरी रेषा पुसली नाहीं. आज ती कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांची शीव आहे.

संग्राहकांस एक विनंती. तहाच्या नकला पुष्कळ आहेत. मलकापूर, आंबा, गजापूर या बाजूच्या जुन्या दप्तरांत शिवेचे महजर किंवा जकातीचे हिशेब हातीं लागल्यास किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. असल्या कागदांत ओढे, टेंकाडें, झाडें नांवानिशीं येतात. आणि चांदोली धरणाच्या जलाशयाखालीं वरच्या वारणेचा जो कांठ गेला, तेथील असलीं नांवें आतां कागदांवरच शोधावीं लागणार.