आयोवातील टामा मृदा : गुणधर्म, उपयोग आणि ऱ्हासाचा इतिहास

कृषीच्या इतिहासाचे लेखन करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा अवजारे, कायदे आणि बाजारपेठा यांच्याकडे जाते. जमीन ही केवळ पार्श्वभूमी म्हणून गृहीत धरली जाते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील मक्याच्या शेतीचा इतिहासही बव्हंशी पोलादी नांगर, रेल्वे आणि जमीनवाटपाचे कायदे या तीन सूत्रांभोवतीच गुंफला गेला आहे. या तिन्हींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, तोच नांगर, तीच रेल्वे आणि तोच कायदा लाभलेल्या दोन जमिनींचा इतिहास भिन्न का झाला, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. त्यासाठी मृदेच्या अंगभूत गुणांचाच विचार करावा लागतो. उत्तम निचरा आणि मोठी खोली या दोन गुणांमुळे आयोवा राज्यातील ‘टामा’ ही मृदा आदर्श मानली गेली. त्यांपैकी पहिल्या गुणाशी तिचा ऱ्हास निगडित होता आणि दुसऱ्या गुणाने तो दीर्घकाळ झाकून ठेवला, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

मृदेची घडण

टामा मृदा मुख्यतः पूर्व आयोवात आणि लगतच्या इलिनॉय, विस्कॉन्सिन व मिनेसोटा राज्यांच्या काही भागांत आढळते. शेवटच्या हिमयुगात नद्यांच्या पात्रांतून वाऱ्याने उडवून आणलेल्या बारीक गाळाचे, म्हणजे लोएसचे, जे जाड थर उंचवट्यांवर साचले, त्यांपासून ती तयार झाली. त्या थरांवर पुढे हजारो वर्षे पुरुषभर उंचीचे प्रेअरी गवत वाढत राहिले. वृक्षांच्या अरण्यात सेंद्रिय द्रव्य पालापाचोळ्याच्या रूपाने बहुतांशी जमिनीच्या पृष्ठावर पडते. गवताळ प्रदेशात मात्र दाट मुळे जमिनीच्या आतच मरतात आणि तेथेच कुजतात. त्यामुळे टामा मृदेचा वरचा काळसर थर साधारणतः २५ ते ५० सेंटिमीटर जाडीचा असून, लागवडीखालील जमिनीतही त्यात ३ ते ४ टक्के सेंद्रिय द्रव्य आढळते. पूर्वी ‘प्रेअरी मृदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गटाचा समावेश आधुनिक वर्गीकरणात ‘मॉलिसॉल’ या वर्गात होतो.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात ‘काळी जमीन’ या शब्दांनी कापसाची रेगूर उभी राहते. येथे या दोहोंतील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. रेगुरीत सेंद्रिय द्रव्य अल्प असते. चिकणमातीचे प्रमाण मात्र फार असल्याने ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली असताना पाणी सहज खाली जाऊ देत नाही. टामा मृदेचा काळेपणा सेंद्रिय द्रव्याचा आहे. तिचा पोत गाळमिश्र पोयट्याचा असून पाणी तिच्यातून संथपणे पण अडथळ्याशिवाय झिरपते. दीड मीटर खोलीच्या थरात ती पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे ३०० मिलिमीटर पाणी साठवू शकते. अतिरिक्त पाणी सोडून देणे आणि आवश्यक पाणी धरून ठेवणे, हे एरवी परस्परविरोधी वाटणारे दोन गुण तिच्यात एकत्र नांदतात. मका, सोयाबीन, ओट व चाऱ्याची गवते या सर्वच पिकांना ती मानवते, याचे रहस्य हेच होय.

वसाहत आणि निचरा

ही भूमी निर्जन नव्हती. ज्या परगण्यावरून या मृदेला नाव मिळाले, तो टामा परगणाच मेस्क्वाकी जमातीच्या टाइमा या नायकाच्या नावाने ओळखला जातो. १८३२ चे युद्ध आणि त्यानंतरचा करार, पुढे १८३७ व १८४२ चे करार यांनी सॉक व मेस्क्वाकी जमातींकडून पूर्व व मध्य आयोवा काढून घेण्यात आला आणि त्यांना कॅन्ससकडे हलविण्यात आले. मेस्क्वाकींपैकी काही जण मात्र परतले व १८५७ मध्ये त्यांनी टामा परगण्यात ८० एकर जमीन रोख पैसे देऊन विकत घेतली. आपल्याच भूमीचा एक तुकडा बाजारभावाने परत मिळवावा लागण्याची ही घटना या मृदेच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

१८४० मध्ये आयोवाची लोकसंख्या ४३,११२ होती. १८६० मध्ये ती ६,७४,९१३ झाली. प्रारंभीचे वसाहतकार लाकूड व पाण्यासाठी नदीकाठच्या झाडीला धरून राहिले. गवताच्या मुळ्यांचे घट्ट जाळे फोडण्यास अवजड नांगर आणि अनेक बैलजोड्या लागत, आणि शासकीय जमिनीचा दर एकरी सव्वा डॉलर असताना ती फोडण्याचा खर्च पुष्कळदा त्याहून अधिक येई. जॉन डीअर याने १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये तयार केलेल्या पोलादी नांगराला चिकट काळी माती कमी लागे. त्यामुळे पुढील मशागत सुलभ झाली.

याच राज्याच्या उत्तर-मध्य भागात हिमनदीने सपाट केलेला, पाणथळ प्रदेश आहे. तेथील मृदाही काळ्या व समृद्ध. पण त्यांत पाणी तुंबत असे. भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली पुरून पाणी काढून देण्याचे मोठे काम तेथे मुख्यतः १८८० नंतरच्या चार दशकांत झाले. त्यासाठी भांडवल लागले, निचरा-मंडळे स्थापावी लागली, शेजाऱ्याशी करार करावे लागले. टामा मृदेने यांपैकी काहीच मागितले नाही. पूर्व आयोवा आधी लागवडीखाली आला यामागे मिसिसिपी नदीचे सान्निध्य आणि करारांचा क्रम हीही कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु एकटे कुटुंब, सामुदायिक व्यवस्थेवाचून, केवळ नांगराच्या बळावर जेथे उभे राहू शकले, ती जमीन निचऱ्याची होती, हेही तितकेच खरे.

हा निचरा अंशतः मृदेच्या पोताचा व अंशतः भूमीच्या उताराचा परिणाम होता. येथेच पुढील ऱ्हासाचे बीज आहे. गवताचे आच्छादन असेतो उतारावरून वाहणारे पाणी माती नेऊ शकत नव्हते. आच्छादन गेले, आणि १७८५ च्या अध्यादेशाने आखलेल्या चौकोनी जमीनमोजणीला अनुसरून शेतांतील सरीही सरळ, म्हणजे अनेक ठिकाणी उताराच्याच दिशेने, ओढल्या गेल्या. गाळाचे कण बारीक असून सहज सुटे होतात. वसंतातील पावसात ते वाहून जाऊ लागले.

अक्षय मृदेचा सिद्धांत

अमेरिकेच्या मृदा विभागाचा प्रमुख मिल्टन व्हिटनी याच्या कारकिर्दीत, १९०९ मध्ये, मृदा ही राष्ट्राची कधीही न संपणारी संपत्ती आहे, असे मत त्या विभागाने प्रसिद्ध केले. इलिनॉय विद्यापीठातील सिरिल हॉपकिन्स याने त्याला कडाडून विरोध केला. पिकांनी उचललेली द्रव्ये, विशेषतः स्फुरद, परत न दिल्यास प्रेअरीची समृद्धीही ओसरेल, असे त्याचे प्रतिपादन होते. १९१० च्या आपल्या ग्रंथात त्याने ते विस्ताराने मांडले. त्याच विद्यापीठात १८७६ पासून चालू असलेल्या मॉरो प्रयोगक्षेत्रात केवळ मका घेतलेल्या, खत न दिलेल्या वाफ्याची उत्पादकता फेरपालटीच्या वाफ्यांहून खूपच घसरलेली दिसून आली. या वादात हॉपकिन्सची बाजू सरस ठरली. मात्र त्याचा भर मुख्यतः द्रव्यांच्या हिशेबावर होता. मृदा स्वतःच नाहीशी होऊ शकते, ही गोष्ट राष्ट्रीय चर्चेच्या अग्रभागी आणण्याचे श्रेय ह्यू बेनेट याच्याकडे जाते. त्याचे धुपेवरील पत्रक १९२८ मध्ये निघाले आणि १९३५ मध्ये मृदासंधारण सेवा स्थापन झाली. समपातळी मशागत, बांधबंदिस्ती, गवताचे जलमार्ग आणि फेरपालट यांचा प्रसार त्यानंतर झाला.

खोलीचा पडदा

संकरित बियाणे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नत्रखते यांनी चित्र पालटले. १९३० च्या सुमारास आयोवात मक्याचे सरासरी उत्पादन एकरी ४० बुशेलांच्या आसपास असे. आज ते २०० बुशेलांच्या घरात आहे. ओट व चाऱ्याची गवते फेरपालटीतून हटली आणि मका व सोयाबीन ही दोनच पिके उरली. उत्पादन वाढत असताना मृदा घटत आहे, यावर विश्वास ठेवणे कठीण होते. टामा मृदेच्या बाबतीत तर वरचा थर गेला तरी खाली लोएसच असतो. मुळांना खडक लागत नाही, आणि उणीव खताने भरून निघते. उथळ मृदेवर धूप तत्काळ पिकात दिसते. येथे ती दिसत नाही. विशेष म्हणजे शास्त्रानेही या खोलीला एक प्रकारची मुभाच दिली. वर्षाला किती धूप सहन करता येईल, याची जी मर्यादा अमेरिकेत ठरविण्यात आली, तीत खोल व अनुकूल मृदांना सर्वांत मोठा आकडा, एकरी ५ टन, देण्यात आला. जाडीच्या भाषेत तो वर्षाला सुमारे १ मिलिमीटर होतो.

अलीकडील संशोधनाने हा पडदा बराचसा दूर केला आहे. २०२१ मध्ये थेलर, लार्सन व यू यांनी उपग्रहचित्रांतील मातीच्या रंगावरून असा अंदाज बांधला की, मक्याच्या पट्ट्यातील सुमारे ३५ टक्के लागवडीखालील क्षेत्रावरचा काळा थर पूर्णतः गेला आहे, मुख्यतः टेकड्यांच्या माथ्यांवरून. थेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये न नांगरलेल्या प्रेअरीचे अवशिष्ट तुकडे आणि लगतची शेते यांच्या उंचीतील फरक मोजला. त्यावरून धुपेचा ऐतिहासिक वेग वर्षाला सुमारे १.८ मिलिमीटर आला. हा वेग वर दिलेल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे.

यावरून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. पाणथळ भूमीने आपली किंमत प्रारंभीच, नळ्या व करांच्या रूपाने, मागितली. म्हणून ती हिशेबवह्यांत नोंदली गेली आणि इतिहासात आली. टामा मृदेची किंमत दीडशे वर्षांवर विभागली गेली आणि कोणत्याही वहीत चढली नाही. केवळ उत्पादनाच्या आकड्यांवरून जो या प्रदेशाचा इतिहास लिहील, त्याच्या हाती यशोगाथाच येईल. कारण त्या आकड्यांत खर्ची पडलेली माती मोजलेली नाही. शेताच्या कडेला हात-दीड हात उंच उरलेला प्रेअरीचा तुकडा हाही म्हणूनच एक दस्तऐवज मानला पाहिजे, आणि कागदपत्रांइतक्याच काळजीने तो वाचला पाहिजे.