विल्सन महाविद्यालय : संस्था कोणाची, जिव्हाळा कोणाचा?

प्रतिनिधी, मुंबई

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन महाविद्यालय त्याहून २५ वर्षांनी जुने. २०३२ मध्ये या संस्थेला दोनशे वर्षे पूर्ण होतील. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाला दोन 'भारतरत्न', एक पंतप्रधान आणि मुंबई प्रांताचा पहिला काँग्रेसी पंतप्रधान देणाऱ्या या महाविद्यालयाकडे आज मात्र प्रवेशाच्या वेळी पूर्वीच्या ओढीने पाहिले जात नाही. ज्यांनी त्याला नाव मिळवून दिले, ते माजी विद्यार्थी आणि ज्यांच्या ताब्यात संस्था आहे, ते चालक यांच्यात अंतर पडल्याची भावनाही वेळोवेळी व्यक्त होते. हे अंतर आजचे नाही. त्याची मुळे संस्थेच्या जन्मातच आहेत.

आंब्रोळीची शाळा

स्कॉटलंडमधील लॉडर गावी १८०४ साली जन्मलेले रेव्हरंड जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. आल्याबरोबर त्यांनी मराठीचा अभ्यास केला. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या. २९ मार्च १८३२ रोजी विल्सन यांनी गिरगावात आंब्रोळी इंग्रजी शाळा सुरू केली. आजच्या महाविद्यालयाचा हा प्रारंभ. १८४३ साली स्कॉटिश चर्चमध्ये फूट पडली. विल्सन नव्या 'फ्री चर्च'च्या बाजूने गेले आणि त्यामुळे जुन्या चर्चच्या मालकीची इमारत त्यांना सोडावी लागली. मालकी एकाची आणि श्रम दुसऱ्याचे, हा प्रश्न संस्थेपुढे तेव्हाच पहिल्यांदा उभा राहिला.

१८६१ मध्ये महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न झाले. विल्सन स्वतः विद्यापीठाचे कुलगुरू होते. १८७५ साली त्यांचे मुंबईत निधन झाले. चौपाटीसमोरची दगडी वास्तू १८८९ मधील असून तिचा आराखडा जॉन अॅडम्स यांचा आहे. व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतील या इमारतीचा शहराच्या वारसा यादीत समावेश आहे. त्या काळापासून १९२० पर्यंत प्राचार्यपद भूषविणारे डॉ. मॅकिकन यांचे नाव गावदेवीतील वसतिगृहाच्या रूपाने आजही टिकून आहे.

विद्या हवी, धर्म नको

मिशनच्या शाळेत मुलगा पाठविणाऱ्या पालकाला इंग्रजी हवी होती, बाप्तिस्मा नको होता. चालकांना दोन्ही हवे होते. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पालकांनी मोठ्या संख्येने मुले काढून घेतली. चार वर्षांनी शेषाद्री बंधूंचे प्रकरण उद्भवले. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. धाकटा श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा ज्ञातीत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. १८५७ मध्ये विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वादविवाद झाले, तेही मुंबईच्या समुद्रकिनारीच.

एवढे होऊनही विद्यार्थी परत आले. पुढच्या काळात तर बहुसंख्य विद्यार्थी हिंदू, पारशी व मुसलमान होते आणि ते आपापल्या धर्मातच राहिले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९०१ मध्ये येथून बी.ए. केले. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले बाळासाहेब खेर याच महाविद्यालयात संस्कृत शिकले. मोरारजी देसाई येथलेच. १९४२ च्या लढ्यात गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविणाऱ्या उषा मेहता यांनी १९३९ साली येथूनच पदवी घेतली. ख्रिस्ती मिशनच्या महाविद्यालयातून हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा अभ्यासक आणि ब्रिटिश सत्तेचे कडवे विरोधक बाहेर पडावेत, हे या संस्थेचे खरे यश म्हटले पाहिजे. मात्र यातूनच एक विचित्र स्थिती निर्माण झाली. ज्यांनी महाविद्यालय मोठे केले, त्यांना त्याच्या कारभारात घरचे स्थान कधीच नव्हते.

विद्यार्थी कोठे गेले?

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनांचा हात हळूहळू सुटत गेला. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट पंथ एका छत्राखाली आले. स्कॉटलंडमधून येणारे प्राध्यापक व पैसा यांची जागा सरकारी अनुदानाने घेतली. १९७५ मध्ये राज्यात १०+२+३ आकृतिबंध आला आणि महाविद्यालयांची निम्मी वर्दळ कनिष्ठ विभागाची झाली.

पण खरा फटका वस्तीच्या स्थलांतराचा होता. गिरगावातील चाळींतून मराठी मध्यमवर्ग डोंबिवली, बोरिवली, वसईकडे निघाला. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ, लालबाग, वरळीतील कामगार कुटुंबांचीही पांगापांग झाली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दशकात उपनगर जिल्हा वाढत होता. महाविद्यालये उपनगरांत निघाली आणि चर्नी रोडला उतरण्याचे कारण उरले नाही. कला शाखेची ओढ कमी झाली. अनुदानित प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवण्याचे सरकारी धोरण राज्यातील सर्वच जुन्या महाविद्यालयांना भोवले. विनाअनुदानित अभ्यासक्रमांनी जमाखर्चाची तोंडमिळवणी होते, परंतु ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि सव्वाशेहून अधिक वर्षांच्या वास्तूची डागडुजी त्यातून भागत नाही.

भूखंडाचा प्रश्न

मरीन ड्राइव्हवरील विल्सन जिमखान्याचा भूखंड २०२५ मध्ये राज्य सरकारने एका जैन संघटनेला भाडेपट्ट्याने देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा सल पुन्हा उघड झाला. जमीन सरकारची आणि वापर भाडेपट्ट्याचा, ही तेथील जिमखान्यांची मूळ व्यवस्था. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने माजी विद्यार्थ्याला त्यात बाजू नाही. पण ज्या मैदानावर आपण क्रिकेट खेळलो, ते हातचे गेल्यावर बातमी वाचून कळावे, ही भावना कायद्याने शमत नाही. मैदान गेल्याचे दुःख होतेच. वेळीच विचारले असते तर काही करता आले असते, ही हळहळ त्याहून मोठी होती.

चालकांची बाजू

चालकांची भीतीही निराधार नाही. राज्यघटनेच्या कलम ३० (१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा हक्क आहे. टी.एम.ए. पै प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने या हक्कावर शिक्कामोर्तब केले. बहुसंख्य माजी विद्यार्थी बिगरख्रिस्ती असलेल्या संस्थेत त्यांना कारभारात वाटा दिला, तर हा दर्जाच धोक्यात येईल, असे चालकांना वाटू शकते. शिवाय दक्षिण मुंबईतील जागेकडे अनेकांचे डोळे लागलेले असताना प्रत्येक हितचिंतकाकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांकडून देणगी घ्यायची तर त्यांच्या नागरिकत्वानुसार परकीय देणगी नियमन कायद्याची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर हे नियम अधिक कडक झाले आहेत.

मात्र सल्ला आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मधील महाविद्यालय विकास समितीच्या तरतुदीत स्थानिक सदस्यांपैकी किमान एक जण माजी विद्यार्थी असावा, असे म्हटले आहे. 'नॅक'च्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र गुण आहेत. हे कागदावर भरण्याचे रकाने आहेत की संवादाची दारे, हे चालकांवर अवलंबून आहे.

दोन उदाहरणे

लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन महाविद्यालयाचे १९७२ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याचा दर्जा घसरत गेला. २००३ मध्ये ते पुन्हा मूळ ख्रिस्ती चालकांच्या हाती आले, तेव्हा देशविदेशांतील मुसलमान माजी विद्यार्थीही त्याच्या पाठीशी उभे राहिले. संस्था ख्रिस्ती राहिली, आधार सर्वांचा मिळाला. मुंबईतच पवईच्या आयआयटीला २०२३ मध्ये नंदन नीलेकणी यांनी ३१५ कोटी रुपये दिले. दोन्ही संस्थांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. पण माजी विद्यार्थ्यांशी संबंध वर्षानुवर्षे जपलेला असेल तरच असा धनादेश येतो. तो संमेलनाच्या एका संध्याकाळी निर्माण होत नाही.

विल्सनच्या चालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे २०३२ पर्यंत थोडाच अवधी आहे. जुन्या विद्यार्थ्यांची नोंदवही अद्ययावत करणे, जमिनी व इमारतींची स्थिती त्यांच्यापुढे मांडणे आणि त्यांनी मागितलेल्या हिशेबाला उत्तर देणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. माजी विद्यार्थ्यांनीही मालकीचा आग्रह न धरता आधी ग्रंथालयाचा किंवा एखाद्या शिष्यवृत्तीचा भार उचलावा. काणे आणि खेर यांना या महाविद्यालयाने धर्म विचारला नव्हता. आता मदतीचा हात पुढे करणाऱ्यांनाही तो विचारला जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.