कबड्डीपटूचें मोल : ढाल, नोकरी आणि लिलाव

खेळ हाच ज्यांचा व्यवसाय, असे संघ आपल्याकडे कसे उत्पन्न झाले आणि त्यांतील खेळाडूंस पैसा कोणत्या वाटेनें मिळूं लागला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यांत जो खेळ मंडळांच्या मातीच्या मैदानांवर वाढला, त्या कबड्डीचाच इतिहास पाहूं.

महाराष्ट्रांत हुतुतू या नांवानें ओळखला जाणारा हा खेळ प्रथम केवळ हौसेचा होता. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें त्याचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकाचा खेळ झाला. या दीर्घ काळांत खेळाडूस मैदानावर मिळे ती ढाल, पेला आणि चार लोकांत नांव. पोटाचा प्रश्न सुटे तो नोकरीनें. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र अशा संस्थांनीं आपापले संघ उभारले आणि चांगल्या खेळाडूंस कामावर घेतलें. पगार मोठा नसे. पण तो बारा महिने मिळे, आणि खेळण्याचें वय सरल्यावरही चालू राही. मध्यमवर्गीय घरांतील वडीलधारी मंडळी मुलास मैदानावर जाऊं देत, त्याचें एक कारण ही नोकरीची आशा हेंच होतें.

२०१४ सालीं या व्यवस्थेशेजारीं एक निराळी व्यवस्था उभी राहिली. त्या वर्षीं प्रो कबड्डी स्पर्धा आठ संघांनिशीं सुरू झाली. यांतील प्रत्येक संघ म्हणजे फ्रँचायझी, म्हणजे एका शहराच्या नांवानें संघ चालविण्याचा मक्ता. असा संघ सभासदांच्या वर्गणीवर चालत नाहीं. तो मालकाच्या भांडवलावर चालतो. मुंबईचा मक्ता रॉनी स्क्रूवाला यांच्या युनिलेझर कंपनीनें घेतला आणि संघाचें नांव ‘यू मुंबा’ असें ठेवलें. २६ जुलै २०१४ रोजीं वरळी येथें स्पर्धेचा पहिलाच सामना त्यानें जयपूरविरुद्ध ४५-३१ असा जिंकला. मात्र त्याच जयपूरनें अंतिम सामन्यांत त्याला ३५-२४ असें हरविलें. २०१५ सालीं अनुपकुमारच्या नायकत्वाखालीं यू मुंबानें बंगळूरला ३६-३० असें नमवून विजेतेपद मिळविलें. आणि २०१६ च्या प्रारंभीच्या हंगामांत पाटण्याकडून अंतिम सामना अवघ्या तीन गुणांनीं गमावला. लागोपाठ तीन अंतिम सामने खेळलेला हा संघ थोडक्या काळांत मुंबईकरांच्या घरोघरीं परिचित झाला.

आतां पैशाकडे वळूं. २०१४ च्या पहिल्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजार रुपयांची. २०१७ सालीं संघ बारा झाले, मागणी वाढली. २०१८ सालीं इराणचा डाव्या कोपऱ्याचा बचावपटू फझल अत्राचली यास यू मुंबानें १ कोटी रुपयांस घेतलें. कोटीचा आंकडा गांठणारा तो पहिला कबड्डीपटू. २०२३ सालीं पवन सेहरावत याची बोली २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. नऊ वर्षांत सर्वोच्च भाव वीसपट झाला!

पण हा भाव सर्वांस सारखा नाहीं. संघानें खेळाडूंवर एकंदर किती खर्च करावा, यास मर्यादा आहे. २०२३ सालीं ती ५ कोटी होती. अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेनें १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर ३६ लाख डॉलरची मर्यादा घातली, ती याच हेतूनें : धनाढ्य मालकानें सारे उत्तम खेळाडू एकट्यानेंच उचलूं नयेत. हेतु चांगला, परंतु हिशेब सोपा आहे. एकावर अर्ध्याहून अधिक रक्कम गेली, कीं बाकीच्या सतरा-अठरा जणांनीं उरलेल्या अर्ध्यांत भागवावयाचें. त्याच लिलावांत शेवटच्या वर्गाची मूळ बोली ९ लाखांची होती.

शिवाय भाव म्हणजे वेतन नव्हे. वेतन अनुभवाबरोबर वाढतें. भाव गेल्या हंगामाच्या गुणांबरोबर चढतो आणि उतरतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील सिद्धार्थ देसाई २०१८ सालीं यू मुंबाकडून ३६ लाख ४० हजारांवर खेळला. पुढच्याच वर्षीं तेलुगु टायटन्सनें त्यास १ कोटी ४५ लाखांस घेतलें. उलट प्रदीप नरवालसारख्या अद्वितीय चढाईपटूचा भाव २०२१ सालीं १ कोटी ६५ लाख, २०२२ सालीं ९० लाख, २०२४ सालीं ७० लाख. आणि २०२५ सालीं त्याच्यावर कोणीच बोली लावली नाहीं. त्यानें निवृत्ति पत्करली. नोकरींत असें घडत नाहीं.

मग लिलाव वाईट काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ढालीवर समाधान मानणाऱ्या खेळास त्यानें प्रतिष्ठा दिली. पण संघाचा मालक खेळाडू विकत घेतो. प्रारंभापासून घडवितो तो क्वचितच. कल्याणचा गिरीश इर्नाक पुणेरी पलटणकडून खेळला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत भारताच्या कांस्यविजेत्या संघांत होता. असे खेळाडू जेथें पकड शिकतात, तीं गल्लींतील मंडळें आणि त्यांचीं मैदानें कोणत्याही लिलावाच्या हिशेबांत येत नाहींत. वाढत्या वस्तींत तीं मैदानें एकेक करून इमारतींखालीं गेलीं, तर उद्यां बोली लावावयास पैसा असेल, पण बोली लावावी असा ठाण्या-कल्याणचा खेळाडू उरणार नाहीं. कोट्यवधींच्या आंकड्यांचें कौतुक करतांना आपल्या परिसरांतील मैदानाच्या कुंपणाकडेही सुजाण नागरिकांनीं एकवार पाहावें, एवढीच विनंति.